कूलरचा आवाज

कल्याणरावांचा मुलगा शिवकांत याचं लग्न झालं ते साल दोन हजार बावीस. त्या लग्नात त्यांच्या गंगाखेडच्या घरी दोन वस्तू नव्या आल्या. आजी चन्नबसम्मांसाठी कूलर आला, आणि पाहुण्यांच्या अंघोळीसाठी अंगणातला जुना बंब काढून पाणी तापवायचा रॉड आला.

मे महिन्यात विजेचं बिल आलं, ते दुप्पट. कल्याणराव तहसीलमधून निवृत्त झालेले कारकून. त्यांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. आतल्या खोलीत कूलर घरघरत होता.

"आई, हा कूलर बिल खायलाय बघ! ऐकू येत नाही का, केवढा आवाज करायलाय?"

चन्नबसम्मांनी उठून बटन बंद केलं. नवी सून अनुपमा लावायला गेली की म्हणायच्या, "राहू दे माय. आमी काय कूलरात जन्मलो का?"

चौथ्या दिवशी दुपारी म्हातारी खोलीत बेशुद्ध सापडली. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि सांगितलं, "ऊन बाधलंय. आणखी तासभर गेला असता, तर मला बोलावून उपयोग नव्हता."

संध्याकाळी शेजारच्या नर्मदाबाई बघायला आल्या. त्यांची पिठाची चक्की. वीस वर्षं मीटर त्यांच्या डोळ्यांसमोर. अनुपमानं त्यांना सगळं सांगितलं.

"कल्याणराव, आवाजावरून वीज मोजायलात का तुमी?" नर्मदाबाई म्हणाल्या. "तसं असतं तर तुमच्या बोलण्याचंच बिल लय आलं असतं की!"

"मग कशावरून मोजायची?"

"घरातलं सगळं बंद करा. नुसता कूलर लावा. मीटरवरचा लाल दिवा मिनिटात किती वेळा लुकलुकतो, ते तुमीच मोजा."

अनुपमानं घड्याळ धरलं. कल्याणरावांनी मोजलं. आठ वेळा.

"आता कूलर बंद करा, आणि रॉड लावा."

दिवा असा धावू लागला की कल्याणराव मोजता मोजता चुकले. पुन्हा मोजलं. ऐंशी!

"वॅटला तासांनी गुणायचं, हजारानं भागायचं, की युनिट आलं," नर्मदाबाईंनी सांगितलं. "कूलर दीडशे वॅटचा, दहा तास चालला तर दीड युनिट. रॉड दीड हजार वॅटचा. रोज किती वेळ असतो?"

कल्याणरावांचा चेहरा उतरला. भर उन्हाळ्यातही त्यांना कढत पाणी लागे. पहाटे ड्रममध्ये रॉड सोडून ते फिरायला जात, ते दोन तासांनी परत येत. म्हणजे रोज तीन युनिट! कूलरच्या दुप्पट, आणि तोंडातून आवाज नाही!

ते आईच्या पायाशी बसले. "आई, खाणारा मीच, आणि उपाशी तुला ठेवलं गं!"

"रडशील मग," चन्नबसम्मा हळूच म्हणाल्या. "आधी तो रॉड बंद कर."

दुसऱ्या दिवसापासून कल्याणराव गार पाण्यानं अंघोळ करू लागले.

मंडळी, आपल्या घरातही बिल वाढलं की आपण कोणाकडे बोट दाखवतो? जो उलटून बोलत नाही त्याच्याकडे. म्हाताऱ्याच्या पंख्याकडे, नाही तर सुनेच्या मिक्सरकडे. तेव्हा आधी मीटरपाशी उभे राहा, मोजा, मग बोला. मोजायला दोन मिनिटं लागतात. न मोजता बोललेला शब्द एखाद्याचा जीव घेऊ शकतो.

चन्नबसम्मा त्यानंतर आणखी दोन उन्हाळे जगल्या. दोन हजार पंचवीसच्या जानेवारीत, एका सोमवारी सकाळी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी त्या लिंगैक्य झाल्या.