ॲक्ट ऑफ स्टेट आणि आमचे रावसाहेब

ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झालं आणि नव्या सरकारनं जयसिंहरावांचं इनामी गाव काढून घेतलं. फूलबागेत फेऱ्या मारण्यापलीकडे आयुष्यात काही न केलेले रावसाहेब तरातरा पाटणकर बाजारात माझ्याकडे आले. सोबत त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई होत्या, कारण दाव्यासाठी दागिने त्यांचे मोडायचे होते.

मी वकील. मी त्यांना 'ॲक्ट ऑफ स्टेट'चा अर्थ सांगितला. इंग्रजी कायदा म्हणतो, नवा राजा मुलूख ताब्यात घेताना जे उचलतो, त्याचा जाब त्याच्याच कोर्टात विचारता येत नाही. जुन्या राजाचं वचन त्यानं मानलं तर मानलं.

"सीधी लूट आहे ही!" रावसाहेब कडाडले. "याला कायदा म्हणतात? आमच्या पणजोबांनी तलवारीच्या जोरावर मिळवलेलं गाव आहे ते!"

"कोणाकडून मिळवलं?"

"होता तिथला कोणी ठाकूर."

"मग त्यानं दाद कुठं मागितली?"

"दाद?" रावसाहेबांना हसू आलं. "मागणार कोणाकडे? राज्य आमचं होतं!"

मी पुस्तक मिटलं. सुलोचनाबाईंनी दागिन्यांची पुरचुंडी पुन्हा कमरेला खोचली.

"उठा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "दर दसऱ्याला ज्या तलवारीला आपण हार घालतो ना, तिचंच हे इंग्रजी नाव. यंदा हार नव्या सरकारच्या गळ्यात घाला."