रुमालाच्या गाठीतल्या गोळ्या

मी एक जुना रुमाल आहे, लाल चौकड्यांचा, बेल्ह्याच्या बैलबाजारात उभं आयुष्य काढलेला. जुन्नरचे बैलव्यापारी महंमद हनीफ यांच्या खांद्यावर माझा मुक्काम. मित्रांनो, आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघे रुमालाखाली हात धरतात आणि बोटं दाबून सौदा ठरवतात. माझ्याखाली ठरलेलं मी कधी फुटू दिलं नाही. "हनीफभाईचा रुमाल लई इमानी," असं लोक म्हणत आणि मी फुशारून जाई.

सत्तरी ओलांडल्यावर हनीफचाचांच्या रक्तात कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी रोज एक गोळी दिली, चरबीचं मटण कमी करायला सांगितलं. पुढच्या तपासणीत आकडा उतरला, आणि इथेच घोडं पेंड खातं! "तू बरा झाला, की तुजा डोस बंद करतो," चाचा गोठ्यातल्या बैलाला थोपटत म्हणाले. "मंग मी काय येगळा हाये?"

पण गोळी बंद करतोय हे बायकोला, अनवरीचाचींना, सांगायची हिंमत नव्हती. चाची गोळी हातावर ठेवत. चाचा नुसतं पाणी पीत, तोंड पुसायचं निमित्त करून गोळी माझ्यात सोडत. औषध फेकणं पाप, म्हणून माझ्या टोकाला गाठ मारत. गाठ फुगत गेली. मला धुवायलाही देईनात. ओरडावंसं वाटे, पण कापडाला कुठली जीभ? ज्या इमानाचं कौतुक झालं, त्यातच मी अडकलो होतो. फार घुसमट झाली हो!

एका बाजारात चाचांच्या छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला. त्यांचे मित्र कुशाबा यांनी त्यांना टेम्पोत घालून नारायणगावच्या दवाखान्यात आणलं. चाची धावत आल्या आणि मलाच घेऊन चाचांचा घाम पुसू लागल्या.

"गोळी चालू आहे ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"एकबी दिस चुकली न्हाई. मी सोता देते," चाची म्हणाल्या. त्यांच्या मुठीत मीच होतो, गाठीसकट.

चाचांनी डोळे मिटले. मग कसंबसं म्हणाले, "अनवरी, गाठ सोड. आकडा उतरला, म्हनून मी गोळी सोडली."

चाचींनी गाठ सोडली. आत घामाने गोळ्यांचा लगदा झाला होता. "मला फसवलं त्याचं काय न्हाई," त्या म्हणाल्या, "पन मला टाकून कुठं चालला व्हता तुमी?"

"आकडा उतरला तो गोळीमुळेच, चाचा," डॉक्टर म्हणाले. "न विचारता ती बंद करायची नसते."

चाचा वाचले. चाचींनी मला स्वच्छ धुतलं.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ जरा बसत जा. औषध का नकोसं झालंय, ते न रागावता विचारा. मी पडलो कापड, बसलेली गाठ मला सोडता येत नाही. तुम्हाला हात आहेत आणि तोंडही आहे.