ओळीत उरलेली अधेली

मित्रांनो, मी एक जुनी अधेली आहे. अधेली म्हणजे अर्धा रुपया, आठ आणे. आणे तुम्ही पाहिले नसतील आणि मला घेऊन काही देईल असं दुकानही आता कुठे उरलेलं नाही. तेव्हा नाव विसरलात तरी मी रागावणार नाही.

माझा जन्म मुंबईच्या टाकसाळीत झाला. जगात मोठी लढाई चालू होती, चांदीची ओढाताण होती, म्हणून माझ्या अंगात चांदी निम्मीच घातली. बाकी तांबं आणि काहीबाही. तरी दगडावर वाजवलं की आवाज असा गोड यायचा की दुकानदार मान हलवायचे. पहिली काही वर्षं मी नुसती फिरत होते. वाण्याच्या गल्ल्यात, सुईणीच्या कनवटीला, मास्तरांच्या कोटाच्या खिशात. नाण्याला याहून मोठं सुख नसतं.

मग अमळनेरच्या एका आईने सोनाराकडून मला कडी जोडून घेतली आणि बाळाच्या गळ्यात बांधलं. बाळाने मला मनसोक्त चोखलं. ते मोठं झालं तेव्हा कडी कापली, पण माझ्या काठावर एक टेंगूळ तसंच राहिलं. तिथून माझं नशीब फिरलं. ज्याच्या हातात जावं तो म्हणे, "ही नको, दुसरी द्या."

अखेर मी पुरुषोत्तमकाकांकडे आले. काका बँकेत नोकरीला होते आणि नाणी जमवत. त्यांच्या अल्बममध्ये अधेल्यांची एक अख्खी ओळ होती. त्यातल्या एकीसाठी ते रजा काढून पार कलकत्त्याला जाऊन आले होते. त्या ओळीच्या टोकाला त्यांनी मला बसवलं आणि माझं नाव ठेवलं 'डागी'. दर रविवारी अल्बम उघडायचा. मुलं, वीणा आणि सौमित्र, साबणाने हात धुऊन शेजारी बसायची. शरयूकाकू मात्र दारातूनच बघायच्या. "तू नको हात लावूस," काका म्हणायचे, "तुझ्या हाताला फोडणीचं तेल असतं." काकूंनी सगळ्या संसारात आम्हांला कधी हात लावला नाही.

काका गेले. काकू शिकागोला सौमित्रकडे आल्या. बॅगेत लुगड्यांच्या घड्यांमध्ये आम्हीही आलो. आणि मग आमचं करायचं काय, हा प्रश्न सुरू झाला. सौमित्र म्हणे, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू. दूरच्या ॲशबर्न गावाहून वीणा फोनवर म्हणे, निम्मी-निम्मी करू. "निम्मी म्हणजे काय, ओळी तोडायच्या?" "मग सगळी तूच ठेवणार का?" सौमित्रची बायको अस्मिता व्यवहारी. किंमत तरी कळू दे म्हणून तिने फोटो काढून एका नाणीवाल्याला पाठवले. हे सगळं वर्षभर चाललं. अल्बम होता काकूंच्याच खोलीत, रजयांखाली. पण काकूंना कुणी विचारलं नाही, आणि काकूही काही बोलल्या नाहीत.

आता जे सांगते ते फक्त काकूंना आणि मला ठाऊक होतं.

थंडीतल्या एका सकाळी सौमित्र आणि अस्मिता कामावर गेल्यावर काकूंनी खोलीचं दार लावून घेतलं. घरात कुणी नसताना दार लावलं, याचंच मला नवल वाटलं. त्यांनी पलंगावरची, अस्मिताने आणलेली चादर ओढून काढली आणि तिचा बोळा केला. चादर ओली होती. काकू तिच्याकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि रिकामी काचेची बरणी घेऊन परत आल्या. कपडे धुण्याचं मशीन तळघरात, सगळ्या बिल्डिंगचं मिळून एक, आणि त्याला क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरची नाणी, लागतात. बरणीतले क्वार्टर शनिवारच्या धुण्यात संपले होते.

त्यांनी अल्बम काढला.

मित्रांनो, अमेरिकेचा क्वार्टर आणि आम्ही अधेल्या अंगापिंडाने जवळजवळ सारख्या. काकूंनी पहिल्यांदा क्वार्टर हातात घेतला तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, "अगंबाई, ही तर अधेली!" तेव्हा सगळे हसले होते. आज त्यांनी आमची ओळच्या ओळ स्वेटरच्या खिशात घातली, चादर बगलेत मारली आणि कठडा धरून जिना उतरल्या. मशीनच्या पट्टीत खाचा असतात. त्यांत नाणी उभी लावायची आणि पट्टी आत ढकलायची. माझ्या सख्या एकेक करून खाचेत बसल्या. मी काही बसेना. टेंगूळ आडवं येत होतं. काकूंनी माझ्याऐवजी दुसरी लावली, पट्टी ढकलली, आणि खणखण आवाज करत त्या सगळ्या खाली गेल्या. मशीन सुरू झालं. उरलेल्या दोघी वाळवायच्या मशीनने घेतल्या. काकू तिथल्या खुर्चीवर बसून राहिल्या आणि कुणाची पावलं वाजली की पदराने तोंड पुसायच्या.

संध्याकाळी पलंगावर दुसरीच, स्वच्छ चादर होती आणि अल्बमच्या त्या ओळीत मी एकटी.

पुढच्या रविवारी एकदाचं काय ते ठरवायचं म्हणून सगळे बसले. वीणा लॅपटॉपवर. काकू टेबलाच्या टोकाला, डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानातून आणलेली मेथी निवडत. सौमित्र पानं उलटत होता. एका पानावर त्याचा हात थांबला.

"काय झालं? कॅमेरा वळव जरा," वीणा म्हणाली. "अरे, अधेल्या कुठायत?"

"मला काय माहीत! एक आहे फक्त."

"कुठली?"

"ती डागी."

वीणा पुढे झुकली. "म्हणजे नेणाऱ्याला कळत होतं, कुठली सोडायची ते."

माझ्या एका टेंगळावरून ती कुठे निघाली होती, ते मला दिसत होतं.

"अस्मिता, तू त्या डीलरशी बोलली होतीस ना?"

अस्मिता ओट्यापाशी होती. तिने नळ बंद केला. "वीणाताई, मी फोटो पाठवले होते. नाणी नाही."

"अगं, आरोप नाही करत. जस्ट विचारतेय."

"हे विचारणं नाहीये."

"ताई, यार, प्लीज," सौमित्र म्हणाला.

"तू मध्ये पडू नकोस. बाबांची ओळ होती ती!"

अस्मिताने नवऱ्याकडे पाहिलं. "तू सांग. मी घेतली असं वाटतं तुला?"

"नाही," सौमित्र म्हणाला. पण आधी थोडा थांबला. ते थांबणं सगळ्यांना ऐकू गेलं.

अस्मिताने खुंटीवरचं जॅकेट काढलं. "मी जरा बाहेर जाऊन येते."

मला ओरडावंसं वाटत होतं. पण नाण्याला आवाज असतो तो कुणी वाजवलं तरच. मी काकूंकडे बघत राहिले. त्यांच्या हातात मेथीची एकच काडी कितीतरी वेळ होती. बोलल्या तर सुटका सुनेची, लाज त्यांची. न बोलल्या तर घर मोडायला लागलेलंच होतं.

"अस्मिता, थांब," काकू म्हणाल्या. "मी खर्च केल्या."

"खर्च?" वीणा ओरडली. "कशावर?"

"धुण्यावर. बुधवारी खालच्या मशीनमध्ये घातल्या."

मग वीणाला हसूच फुटलं. "आई! अगं, फ्रॉड आहे हा! पोलीस येतील हां!" सौमित्रही हसला. इथेच थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. पण तो म्हणाला, "पण मधल्या वारी धुणं कशाला काढलंस? शनिवारी करतोच की आपण."

काकूंनी काडी खाली ठेवली. "चादर खराब झाली होती. माझ्याकडून."

सौमित्रने अल्बम मिटला.

"पहिल्यांदाच झालं का, आई?" वीणाने विचारलं. तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला होता.

"नाही. दिवाळीपासून होतंय अधूनमधून."

"मला सांगायचं नाहीस का?" सौमित्र म्हणाला.

"काय सांगू? तू ओली करायचास तेव्हा मी सांगत फिरले होते का कुणाला?"

अस्मिता जॅकेट हातात घेऊन तशीच उभी होती. "मी आणलेली चादर तुम्ही काढून ठेवलीत," ती हळूच म्हणाली, "मला वाटलं, तुम्हांला माझी आवड पसंत नाही. चार दिवस मी मनात धरून होते, आई."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि पटकन नजर मेथीकडे वळवली.

मग वीणा म्हणाली, "आई, अल्बमचं तू सांग. तू म्हणशील तसं."

"आज विचारताय होय?" काकू म्हणाल्या. "मग अस्मिताला द्या. आळ तिच्यावर आला. तिने ठेवावीत, विकावीत, वाटावीत. मला त्यातलं कळत नाही."

"मला नको, आई."

"नको असेल तर टाक. पण टाकणारी तू."

वीणा "बरं" म्हणाली. पण ते 'बरं' काही खरं नव्हतं.

आता अल्बम अस्मिताच्या कपाटात आहे. तिने अजून काही ठरवलेलं नाही. सौमित्रने मशीनवाल्या कंपनीला फोन केला, पण पेटी आधीच रिकामी करून नेली होती. माझ्या सख्या आता कुणाच्या तरी खिशात फिरत असतील. मला त्यांचा हेवा वाटतो. काकूंना डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत. वीणा फोन करते, आईशी बोलते. "फोन अस्मिताला दे," असं अजून एकदाही म्हणालेली नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं माझ्यासारखीने शेवटी सांगायचं असतं. मी सांगणार नाही. आम्हांला नाही जपलं तर आम्ही काळे पडू, याहून जास्त काही होत नाही. पण तुमच्या घरात कुणी भल्या सकाळी दार लावून घेत असेल, तर जरा थांबा. "काय झालं?" असं लगेच विचारू नका, त्याने माणूस आणखी दार लावून घेतो. बाहेरून नुसतं म्हणा, "मी आज घरी आहे." मग खरंच घरी राहा.