पहिला रोडगा

मला मिसरूड फुटलं त्या वर्षी बाबांनी माझ्या हातात मोटारसायकलची चावी दिली आणि रागिणीताईला माझ्या ताब्यात दिलं. सोळा वर्षांच्या पोराचं डोकं फिरायला एवढं पुरतं. ताई दीड वर्षाने मोठी, बारावीला. तिला डॉक्टर व्हायचं होतं, म्हणून रोज अकोल्याला जठारपेठेतल्या क्लासला तिला न्यायचं, बाहेर थांबायचं, परत आणायचं. घरी आलो की बाबा विचारत, कोणाशी बोलली, किती वेळ बोलली. मी सांगायचो. ताई मागे बसून माझ्या खांद्यावर हात ठेवायची आणि अकोला येईपर्यंत जीवशास्त्र घोकायची. हृदयाचे कप्पे मलाही पाठ झाले होते.

जानेवारीत बाबांनी मला पहिल्यांदा वावरातल्या रोडग्यांना नेलं. हे जेवण आमच्याकडे पुरुषांचं. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे गोळे भाजायचे, वांग्याची भाजी शिजवायची, बायकांनी तिकडे फिरकायचं नाही. आदल्या वर्षापर्यंत मी त्या दिवशी घरी ताईबरोबर पोळ्या लाटायचो. माझ्या तिच्यापेक्षा गोल व्हायच्या, आणि हे आम्ही दोघांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

चिंतामणकाकांनी राखेतून पहिला रोडगा काढला, झटकला, फोडून तुपात बुडवला. मग माझ्याकडे बघितलं.

"काय म्हन्ते तुही बहीण? कोनी भेटते का तिले तिकडं?"

आठ-दहा मोठी माणसं माझ्या तोंडाकडे पाहत होती. खरं एवढंच होतं की क्लासमधल्या एका मुलाने एकदा तिची वही परत केली होती. ती थँक्यू म्हणाली होती, खलास. पण एवढंच सांगून त्या माणसांत बसायची मला लाज वाटली.

"एक जन हाय," मी म्हणालो. "रोजच भेटते."

कोणी ओरडलं नाही. बाबांनी नुसती मान हलवली. काकांनी तो पहिला रोडगा माझ्या पत्रावळीवर ठेवला. मला मोठा झाल्यासारखं वाटलं. आज ते आठवलं की स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं.

त्यानंतर घरात आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं. उलट सगळे ताईशी गोड वागू लागले. आईने तिला कामं सांगणं सोडलं. तिचा मोबाईल दुरुस्तीला गेला तो आलाच नाही. अमरावतीच्या वच्छलाआत्याचे फोन वाढले, आणि मी खोलीत आलो तरी बाबा आवाज कमी करत नसत, कारण मी आता त्यांच्यातला होतो. मुलगा तीस वर्षांचा, चिखलदऱ्याला लॉज, हुंडा नको, फक्त घाई हवी. आपण खोटं बोललो हे सांगायला मी दोनदा बाबांपुढे उभा राहिलो. दोन्ही वेळा त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मी पाणी पिऊन परत आलो.

ताईच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी बाबा अंगणात माझी गाडी पुसत होते. त्यांनी ती कधीच पुसली नव्हती.

"तिले अमरावतीले ने," ते हळूच म्हणाले. "पोराकडचे लोक येऊन राहिले. सांगू नको. आमच्यासंग नाही येनार थे. तुह्यावर भरोसा हाय तिचा."

ताई जर्नल छातीशी धरून बाहेर आली. आईने दिलेलं दही तिच्या ओठाला लागलेलं होतं. खांद्यावर हात ठेवून ती मागे बसली आणि पुटपुटू लागली.

हमरस्त्याच्या फाट्यावर डावीकडे अकोला, उजवीकडे अमरावती. मी गाडी हळू केली. आजही शपथेवर सांगतो, मला डावीकडे वळायचं होतं. मग आराभोवती बसलेली ती माणसं डोळ्यांपुढे आली, आणि मी उजवीकडे वळलो.

"इकडं काहून?" ताईने विचारलं.

मी वेग वाढवला. थोड्या वेळाने माझ्या खांद्यावरचा तिचा हात निघाला. मी आरशात पाहिलं, तर तिने मागची लोखंडी दांडी धरली होती.