मी कापली गेले, ती सकाळ

मी डोंगरउतारावरची लव्हाळी बोलतेय. जरा सावकाश सांगायला हवं, नाहीतर शेवटचं आधी सांगून मोकळी होईन. माझं तसं फार होतं. वाऱ्याची नुसती चाहूल लागली तरी मी बुडख्यापासून शेंड्यापर्यंत शहारते, आणि आमच्या या उतारावर वारा नाही असा दिवस उगवत नाही.

मला गवत म्हणालात तरी मी रागावणार नाही, सगळेच म्हणतात. पण माझा देठ बोटांत धरून फिरवून बघा, तीन कडा लागतील. गवताचा देठ गोल असतो. शिवाय शेजारचं निळं गवत बर्फाखाली पार पिवळं पडतं, माझ्या झुबक्याच्या पोटात मात्र थोडा हिरवा रंग राहतोच. तेवढाच माझा तोरा.

वितळत्या बर्फाच्या पाण्याबरोबर मी वाहत आले, नुसतं एक बी, आणि चुनखडीच्या भेगेत अडकले. वर उभा कडा. खाली माणूस घसरला तर थांबणार नाही अशी उतरण, त्याखाली फरची झाडं आणि अगदी तळाशी वाडी. इथून तिथल्या चर्चचा मनोरा खिळ्याएवढा दिसतो. पहिलं तपकिरी कणीस यायला मला कितीतरी उन्हाळे लागले. घाई मला फक्त बोलण्यात आहे.

आमच्या या गवताच्या पट्ट्यावर वाडीतला मेल्क कापणीला यायचा. बुटांना लोखंडी काटे बांधून, लांब दांड्याचा विळा खांद्यावर टाकून. कापताना तो स्वतःशीच भांडायचा, बायकोशी राहिलेलं भांडणसुद्धा इथे येऊन पूर्ण करायचा. कापलं जाण्याची मला भीती वाटते असं तुम्हाला वाटेल. अजिबात नाही. आमचं मूळ शाबूत असलं की झालं. आखूड होऊन हिवाळ्यात शिरायचं यासारखं सुख नाही.

हे मला कळलं ते मेल्कचा गुडघा मोडल्यावर. चार उन्हाळे कुणी आलं नाही; मेल्क परत येईल म्हणून बाकीच्यांनीही त्याची जागा सोडून दिली होती. माझी पाती लांब वाढली आणि विंचरलेल्या केसांसारखी उताराच्या दिशेनं आडवी पडली. त्यांच्यावर बर्फ साचला की ओल्या कौलांवरून घसरावा तसा घसरायचा. तिसऱ्या वसंतात तो निळ्या गवताला मातीसकट घेऊन गेला. आता माझ्यापासून हातभर अंतरावर उघडा खडक आहे आणि माझी निम्मी मुळं हवेत लोंबतात. मला कापा, असं ओरडावंसं वाटायचं. पण लव्हाळीचं ओरडणं म्हणजे नुसती सळसळ.

मग यंदा, ऑगस्ट लागल्या लागल्या, मेल्कची मुलगी पट्टा बघायला आली. आपोलोनिया तिचं नाव, पण तिला सगळे प्लोनी म्हणतात. शहरात शिकून आलेली, तेवीसेक वर्षांची. वर पोचली तेव्हा तिचे पाय लटपटत होते. माझ्याजवळ बसून तिनं पाव आणि चीज काढलं आणि बापासारखीच मोठ्यानं बोलायला लागली. तेव्हा समजलं की वसंतात ओढ्यानं दगडगोटे आणून त्यांचं खालचं एकुलतं कुरण पुरून टाकलंय. ब्रिंडी नावाची एकच गाय. वरचं गवत मिळालं नाही तर ऑक्टोबरात तिला खिंडीपलीकडच्या गुरांच्या बाजाराला न्यावं लागणार. बाबा रोज तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहतात, असं प्लोनी म्हणाली आणि पाव अर्धाच खाऊन उठली.

आमच्या इथे लॉरेन्स संताच्या दिवसापर्यंत, म्हणजे दहा ऑगस्टपर्यंत, उतारावर पातं लावायचं नाही. त्या सकाळी समोरच्या शिखराला ऊन लागलं की सगळे एकदम सुटतात. विळ्याच्या रुंदीची पट्टी कापत आपल्या जागेभोवती कडं घालायचं. कडं मिटलं की आतलं गवत त्या वर्षी त्या घराचं. पण वीतभर जरी फट राहिली, तर त्या फटीतून दुसऱ्यानं खुशाल आत शिरावं आणि पहिल्यानं तोंड मिटून खाली उतरावं. यावर आजवर कुणी हुज्जत घातलेली नाही.

आणि ती सकाळ आली. माझं प्रत्येक पातं ताठ झालं होतं. खालून माणसं चढत होती, त्यांच्या काट्यांचा खडकावर कर्र कर्र आवाज येत होता. त्यांत ज्योस्त नावाचा एक होता. जाडजूड, पांढऱ्या मिशांचा, मेल्कच्याच वयाचा. चार वर्षं न कापलेल्या आमच्या दाट पट्ट्यावर त्याचा डोळा होता आणि तो ते लपवतही नव्हता. प्लोनीला तो म्हणाला की विळ्याचं टोक कुठलं आणि दांडा कुठला ते आधी बापाला विचारून यायचं होतंस. बाकीचे हसले. प्लोनीचे कान लाल झाले.

शिखर उजळलं. प्लोनी सुटली.

काय कापत होती ती. वेडंवाकडं, कुठे वर, कुठे बुडख्याशी, पण थांबत नव्हती. वरची कड झाली, पलीकडची बाजू झाली, खालची कड झाली. आता फक्त उघड्या खडकाच्या बाजूनं माझ्यापर्यंत यायचं होतं. मी, म्हणजे शेवटचा झुबका. मला कुणीही कापलं असतं तरी चाललं असतं, खरंच. पण त्या क्षणी मला ती आणि तीच हवी होती.

तिनं माझ्यावर विळा उचलला आणि माझ्या आडून रानकोंबडी फडफडून उडाली. मीही दचकले, मग तिचं काय सांगावं. तिच्या बुटांचे काटे खडकावरून सटकले. विळा हातातून निसटून खालच्या दगडाला जाऊन अडकला. धारेचा दगड ठेवायचं शिंग कमरेतून उडालं आणि टणटण करत दरीत गेलं. ती पोटावर घसरत आली आणि तिनं दोन्ही हातांनी मला धरलं.

माझी निम्मी मुळं हवेत होती, हे आठवतंय ना? उरलेल्या निम्म्यांनी मी खडक घट्ट धरून ठेवला. पण आम्ही थांबलो. दोघीही.

वरून काट्यांचा आवाज आला. ज्योस्त होता. तो फटीशी उभा राहिला. फट बरोबर माझ्याएवढी होती.

"लागलं का कुठे?"

"नाही."

"मग फट उघडी आहे, पोरी." त्यानं विळ्याचा दांडा खाली केला. "धर हे. आधी तुला वर घेतो, मग आत जातो."

दांडा तिच्या नाकासमोर होता. तो धरला की ती वाचणार होती आणि ब्रिंडी जाणार होती.

"जरा थांबा, ज्योस्तकाका," ती म्हणाली. 

तिनं डावी मूठ माझ्या अगदी बुडख्याशी, मातीला लागून आवळली. उजवा हात सोडला.  तो हात खिशात गेला आणि चीज कापायची छोटी सुरी घेऊन बाहेर आला. दातांनी तिनं पातं उघडलं. मग तिच्या मुठीच्या वर, एका बाजूनं सुरुवात करून, खस खस खस, तिनं मला कापलं. ज्या झुबक्याला लटकली होती तोच. शेवटची पाती तिनं कापलेल्या पट्टीवर टाकली. फट मिटली.

ज्योस्तनं वाकून सुरीकडे बघितलं.

"चीजच्या सुरीनं कडं घालतात का कुणी?"

"पातं लावायचं, एवढंच ठरलंय. कुठलं, ते कुणी सांगितलंय?"

त्यानं मिशीवरून हात फिरवला. "मेल्कचीच आहेस. तो पण असाच डोकं खायचा. धर आता दांडा, का त्यावरही वाद आहे?"

तिला वर ओढून घेतल्यावर तो माझ्याकडे वाकला, माझा कापलेला बुडखा बोटानं हलवून बघितला आणि अगं बाई, एवढ्याशा झुबक्याला लटकलीस तू, असं पुटपुटला. मग खाली उतरून तिचा विळा काढून आणला. स्वतःचं शिंग, आतल्या ओल्या दगडासकट, तिच्या कमरेला अडकवलं आणि तो पट्टा सोडून दूर, कड्याखालच्या विरळ गवताकडे चालू लागला. आत शिरला नाही.

गवत वाळायला दोन दिवस लागले. जाळ्यांत बांधलेली गाठोडी उतारावरून वाडीपर्यंत ताणलेल्या तारेला आकडा लावून ती एकेक सोडत होती. तार गुणगुणायची आणि गाठोडं झाडांवरून झुम्म करत खाली जायचं. खालच्या टोकाला काठी टेकून मेल्क उभा होता. प्रत्येक गाठोडं पोचलं की तो तारेवर काठी आपटायचा, आणि तो ठोका इथे वर माझ्या मुळांपर्यंत यायचा. त्या गाठोड्यांत माझी पातीही होती.

आता ऑक्टोबर आहे. काल सकाळी आमच्या खालच्या वाटेनं बाजाराची गुरं खिंडीकडे गेली. मी प्रत्येक गाय बघितली. हाकणाऱ्यांत ना प्लोनी होती ना मेल्क, म्हणजे ब्रिंडी त्यांत नव्हती.

हवेला बर्फाचा वास येतोय. मी दोन बोटं उंच आहे, हिरवी आहे, आणि भलतीच उतावीळ झाले आहे. प्लोनी, पुढच्या लॉरेन्सला ये. पाय लटपटले तरी ये. मी इथेच आहे. बर्फाला म्हणावं, आता खुशाल पड.