बेचाळीस इंचांचा बगळा

मी बगळा बोलतोय. उडणारा नव्हे, प्लायवूडचा. करडा-निळा रंग, एक पाय वर घेतलेला, आणि जमिनीपासून बरोब्बर बेचाळीस इंचांवर आडवी चोच. एकोणीस वर्षं मी फ्लोरिडातल्या एका पार्कात 'मगर' नावाच्या रोलर कोस्टरच्या दारात उभा होतो. ज्या मुलाचं डोकं माझ्या चोचीला लागलं, ते मगरीत बसायचं. ज्याचं लागलं नाही, ते बसायचं नाही. एवढंच माझं काम. आणि एवढ्याशा कामापायी मी जितक्या शिव्या खाल्ल्या, तितक्या इथल्या डासांनीही खाल्ल्या नसतील.

माझा जन्म पार्काच्या मागच्या सुतारखोलीत झाला. वेंडेल हास्किन्स नावाच्या सुताराने मला कापलं. चोच ठोकण्याआधी त्याने तीनदा माप घेतलं. कार्यालयातला एक गृहस्थ तिथे उभा होता. तो म्हणाला, "इंचभर खाली घे की वेंडेल. जास्त पोरं बसतील, रांगेत रडारड कमी."

वेंडेलने हातोडी खाली ठेवली. "मांडीवर येणारा तो दांडा बेचाळीस इंचांच्या पोराला धरतो. त्याहून लहान पोर मोठ्या वळणावर खालून सटकतं. तुम्ही उभे राहणार का खाली, झेलायला?"

गृहस्थ निघून गेला. चोच जिथे होती तिथेच राहिली.

आता तुम्हीच सांगा, यात माझा काय दोष? पण रांगेत तास-तास उभे राहिलेले आईबाप माझ्याकडे असं बघत, जणू मीच त्यांच्या मुलाचे पाय इंचभर कापून घेतलेत.

ही माणसं सुट्टी किती जय्यत आखतात म्हणून सांगू! वर्षभर आधी मोटेल ठरवतात. सगळ्या घरादाराचे एकसारखे सदरे छापून घेतात. उन्हाचं मलम तीन प्रकारचं आणतात. आणि ज्या मुलासाठी एवढा खटाटोप, त्याला घरातल्या भिंतीला पाठ लावून एकदा उभं करत नाहीत. कोणत्या राइडला किती उंची लागते, हे पार्काच्या पत्रकात पहिल्याच पानावर छापलेलं असतं. ते पान वारा घ्यायला वापरतात. मग माझ्यासमोर आल्यावर यांच्या डोक्याला चालना मिळते. "टाचा उचल." "मान ताण." एका आजीने तर नातवाला आजोबांचे उंच टाचांचे काउबॉय बूट घालून आणलं होतं. पोरगं दोन पावलं चाललं आणि बुटांतून बाहेर आलं.

या सगळ्यांना तोंड द्यायला माझ्या शेजारी लोरेटा टिब्स होती. तीस वर्षं शाळेची बस चालवून मग ती आमच्याकडे आली. उंचीने कमी पडलेल्या प्रत्येक मुलासमोर ती गुडघ्यांवर बसायची आणि म्हणायची, "सोन्या, तुझं काही चुकलेलं नाही हं. थोडा वेळ आहे, एवढंच." आईबापांशी मात्र ती बसवालीसारखीच बोलायची.

एका जुलैत हॉफस्टेटर मंडळी आली. आयोवाहून. पिवळेधमक सदरे. बाप कर्टिस, धिप्पाड माणूस, गळ्यात प्लास्टिकमध्ये मढवलेलं वेळापत्रक लटकवलेलं. दर पंधरा मिनिटांचा हिशेब त्यात. आई मार्ला, दोन्ही खांद्यांवर पिशव्या. नऊ वर्षांचा वायट. आणि सहा वर्षांची डोरी, पुढचे दोन दात पडलेली, काडीसारखी.

वायट सहज पार झाला. डोरी माझ्या चोचीखाली उभी राहिली, श्वास रोखून. मध्ये जागा उरली. मला ती आजही आठवते.

"एक इंच कमी आहे, साहेब," लोरेटा म्हणाली.

"एक इंच?" कर्टिसचा आवाज चढला. "बाई, आम्ही दोन दिवस गाडी हाकत आलोय!"

"तुम्ही कुठून आलात ते मगरीला कळत नाही."

"मी पोरीला नाताळपासून कबूल केलंय!"

"मग नाताळातच मोजायची होतीत."

रांगेत कोणीतरी खिदळलं. वायट म्हणाला, "बाबा, मी म्हटलं होतं ना, पत्रक वाचा." कर्टिस कानापर्यंत लाल झाला. डोरी रडली नाही. तिने मला विचारलं, हो, मलाच, "मी अजून वाढले नाही का?" लाकडाने काय उत्तर द्यायचं?

ते गेले. मला वाटलं, संपलं. पण दुपारी ऊन अगदी पेटलं असताना कर्टिस परत आला. फक्त डोरीला घेऊन. तिचे केस टाळूवर गच्च बांधून त्यांचा बुचडा केलेला. आणि पोरगी चालत होती ती काट्यांवरून चालल्यासारखी. बुटांत टाचांखाली कागदी रुमालांचे बोळे कोंबले होते! खाण्याच्या दुकानातले, फुकटचे.

लोरेटा जेवायला गेली होती. तिच्या जागी प्रेंटिस साहेब, आमचे देखरेख करणारे. त्यांच्या कानाला फोन आणि डोळे लांबलेल्या रांगेवर. डोरीचा बुचडा माझ्या चोचीला लागला. फक्त बुचडा! "चला, चला, पुढे," प्रेंटिस म्हणाले.

मला किंचाळावंसं वाटलं. ज्याच्या तोंडून आयुष्यात एक खोटं निघालं नाही, त्याच्या तोंडाला केसांचा गुच्छ लावून हे मला खोट्यात पाडत होते. आणि पुढे ते वळण होतं, वेंडेलने सांगितलेलं.

बापलेक तिसऱ्या डब्यात बसले. आमच्या गाडीत दोघांना मिळून एकच दांडा. तो खाली आला आणि कर्टिसच्या जाडजूड मांड्यांवर अडला. डोरीच्या मांड्यांवर तो टेकलाच नाही. मध्ये एक अख्खं टरबूज मावेल एवढी फट.

तेवढ्यात लोरेटा आली, हातात लिंबाच्या सरबताचा पेला. माझ्या पायाशी एक चुरगळलेला कागदी रुमाल पडला होता, बुटाच्या आकारात दबलेला. तिने तो पाहिला. मग तिसऱ्या डब्यातला पिवळा सदरा पाहिला. पेला तिच्या हातून कुठे उडाला कोण जाणे.

"थांबवा! गाडी सोडू नका!"

प्रेंटिस साहेबांचं बोट बटणावर होतं. तिथेच थिजलं.

लोरेटा डब्यापाशी पोहोचली. तिने आपला हात डोरीच्या मांडीवरून, दांड्याखालून, पार कोपरापर्यंत घातला. "बघताय ना, साहेब? घाला, तुम्हीही हात घाला इथे. जिथून हात जातो तिथून तुमची पोरगी जाईल."

कर्टिसने बघितलंसुद्धा नाही. "तुम्ही माझ्या सुट्टीची वाट लावलीत!" तो ओरडला. डोरी हळूच म्हणाली, "बाबा, कागद टोचतायत."

तिला उचलून तो उतरला आणि जाता जाता त्याने मला सणसणीत लाथ घातली. चोच मधोमध मोडून लोंबकळू लागली. रांगेतून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. लोरेटासाठी नव्हे हो, लाथेसाठी! आणि प्रेंटिस साहेब लोरेटाला काय म्हणाले असतील? "पाहुण्यांशी जरा गोडीने बोलत जा." ज्यांचं बोट बटणावर होतं, ते!

दुरुस्तीवाल्यांनी मला दोन पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्या, माप पुन्हा बेचाळीसवर आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्क उघडताच पहिली आली ती मार्ला, डोरीचा हात धरून, नवऱ्याचं वेळापत्रक आता स्वतःच्या गळ्यात. वायट आणि कर्टिस मागे कठड्यापाशी थांबले.

"काल मी वायटबरोबर सरबताच्या रांगेत होते," मार्ला म्हणाली. "पोरीच्या टाचांना फोड आले तेव्हा कळलं मला सगळं. तुमचे उपकार कसे फेडू? आणि आता काय करू तेही सांगा. अजून दोन दिवस आहेत आणि आम्ही सगळे एकमेकांवर खेकसतोय."

लोरेटाने हात पुढे केला. "ते वेळापत्रक द्या इकडे." तिने ते उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर जाड पेनाने लिहायला घेतलं, तोंडाने बडबडत. "दार उघडायच्या अर्धा तास आधी हजर. मोठ्या राइड पहिल्या दोन तासांत. बारा वाजले की सरळ मोटेलवर. जेवा, पोरांना पाण्यात डुंबू द्या, झोपा. हो, तुम्हीसुद्धा झोपा. चारनंतर परत या. तोवर पावसाची सर येऊन गेलेली असते, अर्धी गर्दी पळालेली असते. रोज प्रत्येकाने हट्टाची एकच गोष्ट निवडायची. बाकीचं झालं तर झालं. आणि छोटीला जिथे बसता येत नाही, तिथे एकाने आत जायचं, एकाने तिच्यापाशी थांबायचं, मग अदलाबदल. दुसऱ्याला परत रांग लावावी लागत नाही. पत्रकात आहे हे, दुसऱ्या पानावर. पण वाचतो कोण!"

मग ती गुडघ्यांवर बसली. "काय गं राणी, तुझा आजचा हट्ट कोणता?"

डोरीने क्षणभर विचार केला. मला वाटतं, तिला हे कोणी विचारलंच नव्हतं. "आईने मगरीत बसायचं," ती म्हणाली. "मला तिला ओरडताना बघायचंय."

"मी?" मार्ला दचकली. "अगं, मी पिशव्या सांभाळते ना!"

"पिशव्यांना बाप आहे," लोरेटा म्हणाली.

एकोणीस वर्षांत किती आया पाहिल्या मी! सगळ्यांच्या टोप्या, बाटल्या, चष्मे घेऊन दारातच बसून राहिलेल्या. मार्लाने पिशव्या नवऱ्याच्या पायाशी ठेवल्या आणि वायटबरोबर गेली. मोठ्या वळणावर ती अशी ओरडली की तळ्यातली बदकं उठली. डोरी हसून हसून जमिनीवर बसली.

कर्टिस टोपी काढून लोरेटापाशी आला. "काल मी हात घालून बघायला हवा होता," तो म्हणाला.

"आज बघा," लोरेटा म्हणाली. गाडी परतल्यावर तिने त्याला तिसऱ्या डब्यात बसवलं, दांडा खाली आणला. शेजारच्या रिकाम्या जागेवरून त्याने हात घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, दंड गेला. एवढा धिप्पाड माणूस, पण तोंडावरचा रंग उडाला. उतरल्यावर डोरीला छातीशी घट्ट धरून म्हणाला, "चुकलो गं पोरी."

लोरेटाची माफी मागितली. पोरीची मागितली. माझ्यासमोरून गेला आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. अरे, चोच कोणाची मोडली होती?

दोन वर्षांपूर्वी माझ्या जागी दिवा पेटणारा लोखंडी खांब आला. यंत्राशी पाहुणे भांडत नाहीत म्हणे. लोरेटा निवृत्त होऊन बहिणीकडे जॉर्जियाला गेली. मला कॉर्न डॉगच्या, म्हणजे काडीवरच्या तळलेल्या सॉसेजच्या दुकानाबाहेर आणून ठेवलंय, फोटो काढायला. कोणीतरी माझ्या चोचीवर हसू रंगवलंय. मी हसत नाहीये, हे ध्यानात ठेवा. पंखाखाली लोक च्युइंगगम चिकटवतात. पोहण्याच्या ओल्या टोप्या चोचीवर वाळत घालतात. आणि मुलाला माझ्यापाशी उभं करून कौतुकाने म्हणतात, "बघ, किती मोठा झालास!" माप बघत नाहीत. इथे मला खडीच्या उंचवट्यावर रोवलंय, चोच आता चव्वेचाळीसवर आहे, आणि हे कोणाच्या गावीही नाही.

तेव्हा निघण्याआधी माझं ऐका. घरच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून मुलाला उभं करा, अनवाणी. डोक्यावर एक पुस्तक आडवं धरा, पेन्सिलीने रेघ मारा. जी उंची येईल ती त्याला तिथेच सांगा. रडलं तर रडू द्या. तुमच्या स्वयंपाकघरात, तुमच्या मांडीवर रडू द्या. हजार मैल लांब, उन्हात, दोनशे अनोळखी माणसांसमोर त्याला एखाद्या लाकडी पक्ष्याला विचारायला लावू नका की मी अजून वाढले नाही का.

बस्स, बोललो मी. फोटो काढायचाय ना? काढा. पण आधी चोचीवरची ती ओली टोपी उचला.