एक्केचाळीस नंबरचं गाणं

आमचे हे लोकांचे कान तपासतात. बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. बाहेरच्या खोलीत मी बसते, फोन घेते, नावं लिहून घेते, कानातल्या मशीनचे सेल विकते. आतल्या खोलीत काचेची खिडकी असलेली साउंडप्रूफ केबिन आहे. पेशंटने आत बसायचं, हेडफोन लावायचा आणि बारीक शिट्टी ऐकू आली की बोट वर करायचं. काहीजण ऐकू न येताच बोट वर करतात. ह्यांना तो प्रकार फार आवडतो. रात्री जेवताना त्यांच्या नकला करून दाखवतात.

नाताळ जवळ आला की दुपारच्या सुट्टीत केबिनमध्ये हे स्वतः बसतात. वर्षभरातली निवडक गाणी एकापुढे एक लावून मित्रांना नाताळची भेट म्हणून द्यायची, हा ह्यांचा फार जुना नेम. पूर्वी कॅसेट होत्या, मग सीडी आल्या, आता पेन ड्राइव्ह. मित्र म्हणतात, "तुझ्या गाण्यांशिवाय वर्ष संपत नाही बुवा," की हे हरभऱ्याच्या झाडावर चढलेच.

वर्षभर गाणी जमतात. कुणी पाठवलेली, कुठे कानावर पडलेली, सगळी 'चाळणी' नावाच्या फोल्डरमध्ये जातात. पण गाणं कुणाचं आहे ते बघून ऐकायचं नाही. "नाव दिसलं की कान खोटं बोलतात," असं ह्यांचं म्हणणं. म्हणून नावं पुसून नंबर घालायचं काम माझ्याकडे. हे केबिनमध्ये डोळे मिटून ऐकतात आणि आवडलं की पेशंटसारखं बोट वर करतात. मी बाहेरून काचेतून बघून नंबर टिपते. पुढे ती गाणी पेन ड्राइव्हवर चढवणं, पत्र्याच्या छोट्या डब्या आणणं, त्यांवर कागद चिकटवणं, फीत बांधणं हेही मीच करते. कागदावर मोठ्या अक्षरात 'निवड' आणि त्याखाली ह्यांचं नाव. फीत कुणी बांधली ते लिहायची पद्धत नाही.

तुला एखादं घालावंसं वाटतं का, असं मला कधी विचारलं नाही. एका वर्षी मीच आपणहून एक सुचवलं, तर म्हणाले, "अगं, तुझी आवड म्हणजे आपली साधी." मी मूग गिळून बसले. बसायची सवय होतीच.

यंदा ताईने माहेरचं घर आवरायला काढलं आणि तिला एक कॅसेट सापडली. तिने त्यातलं गाणं कुठूनसं फोनवर ऐकता येईल असं करून घेतलं आणि मला पाठवलं. ऐकलं तर मी होते. लग्नाआधीची, एकवीस वर्षांची, स्वयंपाकघरात आईच्या लाकडी खुर्चीत बसून गाणारी. शब्द ताईचे, चाल ताईची. सगळं घर दुपारी झोपलंय आणि एकटीच जागी असलेली मुलगी नळाच्या थेंबांशी बोलतेय, असं काहीतरी. मध्ये दोनदा खुर्ची करकरते आणि शेवटी ताईचं दाबलेलं हसू येतं. क्लिनिकमध्ये कुणी नव्हतं, म्हणून मी रडून घेतलं. एवढा आवाज माझ्याकडे होता आणि तो कुठे ठेवला तेच मला आठवेना.

कुठे ठेवला ते खरं तर आठवतं. लग्न ठरलं तेव्हा मी गाणं शिकत होते, आणि ह्यांना ते ठाऊक होतं. सुरुवातीला घरात काम करता करता गायचे. एक दिवस हे म्हणाले, "दिवसभर आवाजच ऐकतो गं. घरी तरी कानांना विश्रांती हवी." रागावून नाही, अगदी गोड बोलून. रागावले असते तर मी भांडले असते.

ताईचं हसू मी कापून टाकलं आणि गाणं चाळणीत घातलं. नंबर पडला एक्केचाळीस. मला बक्षीस नको होतं, माफी तर नकोच. ह्यांनी ओळखावं, एवढंच. कुणाचाही आवाज चार सुरांत ओळखतो अशी शेखी मिरवणाऱ्या माणसाकडून ही काही मोठी अपेक्षा नव्हती.

त्या दुपारी हे केबिनमध्ये फुटाणे खात होते. एक्केचाळीस सुरू झालं ते मला बाहेर कळलं, कारण ह्यांचं तोंड हलायचं थांबलं. फुटाण्यांची पुडी खाली ठेवली. डोळे मिटले. माझा जीव टांगणीला लागला. आणि मग मध्येच ह्यांनी डोळे उघडले आणि काचेतून सरळ माझ्याकडे बघितलं. गाण्याकडे बघावं तसं नाही, माझ्याकडे. बघतच राहिले. मग हसले आणि बोट वर केलं.

ओळखलं, मी मनात म्हटलं.

बाहेर येऊन म्हणाले, "एक्केचाळीस सगळ्यात शेवटी ठेव. त्याच्यानंतर दुसरं काही ऐकवणार नाही. कुणाचं आहे?"

"नाव नव्हतं फाईलला. ताईकडून आलंय," मी म्हटलं आणि हसू दाबलं.

"मग लिही, गायिका अज्ञात," असं म्हणून हेही हसले.

मला खेळवतायत, असंच मला वाटलं. लोकांसमोर सांगायचं असणार. मला खोटं वाटायला नको का? पण नाही वाटलं. सगळ्या डब्यांवर 'गायिका अज्ञात' लिहिताना मी गुणगुणत होते. नाताळसाठी कपाटातले चांगले कपडे काढले, केस कापून आले. सगळे माझ्याकडे वळून बघतील तेव्हा काय म्हणायचं तेसुद्धा ठरवून ठेवलं. "अहो, कशाला उगाच," असं म्हणायचं होतं. या वयात मनात मांडे खायचे म्हणजे कमाल आहे, पण खाल्ले.

नाताळच्या दुपारी नेहमीची मंडळी जमली. ह्यांचा शाळेपासूनचा मित्र वकील, कोपऱ्यावरचा बेकरीवाला आणि भूगोल शिकवणाऱ्या एक बाई. गाणी लागली की बोलायचं नाही हा नियम आहे, त्यामुळे सगळे कपात बघत बसले. शेवटचं गाणं सुरू झालं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. बाईंनी चष्मा काढून पुसला. संपल्यावर वकील म्हणाले, "कोण रे ही?"

आता, मी मनात म्हटलं.

"कुणालाच माहीत नाही," हे म्हणाले. "कुठल्या तरी छोट्या गावातली असणार. एवढं एकच गाणं मागे राहिलंय. शिकलेली आहे, पण आवाजात अजून घर आहे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच कळलं, ही बाई आता या जगात नाही."

वकिलांनी मान हलवली. माझ्या हातात केकची प्लेट होती ती मी तशीच धरून राहिले.

"आणि गंमत सांगतो," हे पुढे म्हणाले. "मध्ये एक खुर्ची करकरते, ऐकलीत? मी केबिनमध्ये दचकलोच. वाटलं, बाहेर ही तिच्या त्या खुर्चीत हलली आणि दार नीट लागलं नाही. काचेतून बघितलं, तर ही आपली बसलीय ढिम्म."

सगळे हसले. क्लिनिकमध्ये मी ज्या खुर्चीत बसते ती आईची आहे. लग्नानंतर मी माहेरून तेवढी एकच वस्तू आणली. सुताराला बोलव, असं हे मला वर्षानुवर्षं सांगतायत. खुर्ची ह्यांनी बरोबर ओळखली होती. कान चांगलेच आहेत ह्यांचे.

"पुन्हा लाव," बाई म्हणाल्या.

मी आत गेले आणि कप विसळायला घेतले. गाणं सुरू झालं तशी मीही सुरू झाले. मुद्दाम. म्हटलं, शेवटची संधी देऊन बघू. आवाज जाड झालाय, वरचा सूर आता हाताला लागत नाही, पण जागा सगळ्या त्याच. खुर्चीच्या पहिल्या करकरीपर्यंत मी ह्यांच्या त्या मेलेल्या बाईबरोबर गायले.

"अगं, जरा गप्प बस ना," बाहेरून आवाज आला. "सूर बिघडतोय तिचा."

"वहिनी, तुम्ही आपला केक पाठवा," बेकरीवाला म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला. मी नळ बंद केला. बाहेर माझं गाणं चालू राहिलं आणि ते संपेपर्यंत मी ओल्या हातांनी उभी होते. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला हवा होता. तसं काही झालं नाही. फक्त फार थकवा आला.

अंधार पडायच्या आत मंडळी गेली. हे स्पीकरच्या वायरी गुंडाळत होते, मी प्लेटा उचलत होते. हे खूश होते.

"पुढच्या वर्षी हिची आणखी गाणी शोधायला हवीत. ताईंना विचार ना, कुठून मिळालं."

"विचारलं. आणखी नाहीत."

"का?"

"ताई ओळखते तिला. जिवंत आहे. गाणं सोडलं तिने."

"सोडलं? असा आवाज असताना?"

"लग्न झालं तिचं."

ह्यांचे हात थांबले. वायर बोटांवर तशीच राहिली. हे माझ्याकडे बघत होते, केबिनमधून बघितलं होतं तसंच, आणि मी मूर्ख, पुन्हा वाट बघत उभी राहिले.

"मग नवरा गाढव असणार," हे म्हणाले.

"हो," मी म्हटलं आणि उरलेला केक झाकून ठेवला.